पडद्यावरची उर्दू आणि पडद्याबाहेरचा मुसलमान

प्रसारमाध्यमे ही समाजाचा आरसा असतात, असे विधान पाठ्यपुस्तकांपासून व्यासपीठांपर्यंत सर्वत्र आढळते. या विधानात एक गृहीत दडलेले आहे. आरशासमोर जो उभा राहील त्याचे प्रतिबिंब पडणारच, असे ते गृहीत होय. चित्रपटाच्या बाबतीत तसे घडत नाही. तेथे कोणाला समोर उभे करायचे, कोणत्या वेशात आणि मुख्य म्हणजे कोणत्या भाषेत, हे आधी ठरते. प्रतिबिंब नंतर पडते. हिंदी चित्रपटाने घडवलेल्या मुसलमानाच्या प्रतिमेची चर्चा आजवर बहुधा 'चांगला मुसलमान' आणि 'वाईट मुसलमान' या अंगाने झाली आहे. नवाब, शायर, वफादार मित्र, तस्कर, दहशतवादी अशी पात्रांची मोजदादही झाली. या मोजदादीत भाषेचा प्रश्न मात्र बाजूला पडला. मुसलमान पात्र पडद्यावर कोणती भाषा बोलते आणि त्यामुळे पडद्याबाहेरच्या कोणत्या मुसलमानांची ओळखच पुसली जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुसलमानांची संख्या सुमारे १ कोटी ३० लाख होती. त्याच जनगणनेत राज्यात उर्दू ही मातृभाषा म्हणून नोंदवणारे सुमारे ७५ लाख होते. म्हणजे पन्नास लाखांहून अधिक मुसलमानांनी हिंदी, मराठी, कोकणी, गुजराती अशा उर्दूखेरीज इतर भाषांची नोंद केली. ज्यांनी उर्दू नोंदवली त्यांच्याही घरात जी बोलली जाते ती पुष्कळदा दख्खनी असते, खानदेशी वळणाची असते, लखनौची नसते. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलखात तर हे चित्र आणखी गुंतागुंतीचे आहे. बेळगावात एकाच घरात दख्खनी, मराठी आणि कन्नड नांदतात. गोव्यात कोकणी बोलणारा मुसलमान आहे, बडोद्यात गुजराती आणि उर्दू दोन्ही वापरणारा आहे. अशा घरांतून महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याला दोन वाक्ये हमखास ऐकावी लागतात. वर्गातला मराठी सहाध्यायी कौतुकाने म्हणतो, "तू मराठी किती छान बोलतोस!" आणि लग्नसमारंभात भेटलेले उत्तरेकडचे पाहुणे विचारतात, "आपकी उर्दू ऐसी क्यों है?" पहिल्या वाक्यात मुसलमानाचे मराठी हे नवल ठरते, दुसऱ्यात त्याची दख्खनी हा दोष ठरतो. वरवर पाहता एकमेकांच्या विरुद्ध दिशेने आलेली ही वाक्ये एकाच मापाने मोजतात. हे माप घडवण्यात मदरसे, पाठ्यपुस्तके आणि उत्तरेतून आलेले स्थलांतरित यांचाही वाटा आहे. पण ज्या शाळेत सर्व धर्मांचे, सर्व थरांचे लोक एकत्र बसून हे माप शिकले ती शाळा म्हणजे चित्रपटगृह होय.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात अर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि भारतीय चित्रपट बोलू लागला. तो ज्या भाषेत बोलला ती पारशी रंगभूमीची तयार भाषा होती. मुंबईच्या पारशी नाटक मंडळ्यांनी सबंध देशभर दौरे करून उर्दूला रंगमंचाची सार्वत्रिक भाषा बनवले होते. आगा हश्र काश्मिरी यांच्यासारखे नाटककार याच परंपरेतले. चित्रपटात उर्दू आली ती व्यापाराच्या सोयीने, धर्माची भाषा म्हणून नव्हे. पारशी निर्माता, गुजराती भांडवल, पंजाबी आणि बंगाली कलावंत आणि मुंबईत राहणारे उर्दू लेखक अशी ही मिश्र व्यवस्था होती. नायक हिंदू असो वा मुसलमान, प्रेमाची, न्यायाची, वियोगाची भाषा एकच होती. पन्नासच्या दशकातल्या कोणत्याही सामाजिक चित्रपटातला वकील न्यायालयात जे बोलतो त्यातून उर्दू शब्द वगळले तर फारसे काही उरत नाही.

सरकारदरबारी मात्र या भाषेला तिच्या नावाने ओळखले गेले नाही. राष्ट्रपती सुवर्णपदकाची सुरुवात आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई' या मराठी चित्रपटाने झाली. दुसऱ्या वर्षी हे पदक सोहराब मोदी यांच्या 'मिर्झा गालिब' (१९५४) या चित्रपटाला मिळाले. उर्दूच्या सर्वश्रेष्ठ शायरावरचा, सआदत हसन मंटो यांच्या कथेवर आधारलेला हा चित्रपट त्याच वर्षी हिंदीतील उत्कृष्ट चित्रपटाच्या रौप्यपदकाचाही मानकरी ठरला. 'मुघल-ए-आझम' (१९६०) लाही हिंदीतील उत्कृष्ट चित्रपट म्हणूनच गौरवण्यात आले. फाळणीनंतर उर्दूची राजकीय स्थिती लक्षात घेता निर्मात्यांनी हे नाव सोडून देण्यात व्यवहार पाहिला, हे समजण्यासारखे आहे. परिणाम मात्र दूरगामी झाला. सर्वांची असलेली उर्दू 'हिंदी' या नावाखाली गेली आणि 'उर्दू' हे नाव केवळ त्या चित्रपटांपुरते उरले ज्यांतली पात्रे मुसलमान होती.

हेच चित्रपट पुढे 'मुस्लिम सोशल' या नावाने ओळखले गेले. मेहबूब खान यांचा 'नजमा' (१९४३) हा या प्रकाराचा आरंभीचा ठळक नमुना. त्यांचाच 'एलान' (१९४७) पाहिला तर या प्रकाराच्या प्रारंभी सुधारणेचा आग्रह किती प्रबळ होता हे दिसते. त्यात शिक्षणाचा प्रश्न केंद्रस्थानी आहे. पुढे हा आग्रह ओसरत गेला आणि वातावरण उरले. 'चौदहवी का चाँद' (१९६०), 'मेरे महबूब' (१९६३), 'बहू बेगम' (१९६७), 'पाकीझा' (१९७२) या चित्रपटांत हवेली आहे, चिलमन आहे, मुशायरा आहे, कोठा आहे, आणि या साऱ्याला जोडणारी एक अत्यंत सुसंस्कृत, कमावलेली जबान आहे.

यांपैकी 'मेरे महबूब' जरा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण या प्रकाराचे सामर्थ्य आणि मर्यादा त्यात एकत्र दिसतात. एच. एस. रवैल यांच्या या चित्रपटाचा नायक अलीगढ विद्यापीठाचा विद्यार्थी आहे आणि बुरख्यातून दिसलेल्या डोळ्यांच्या प्रेमात पडलेला आहे. नायिकेचा भाऊ नवाब आहे, पण त्याची नवाबी संपत चालली आहे. कर्ज आहे, जप्तीचे संकट आहे. उत्तर प्रदेशात जमीनदारी निर्मूलनाचा कायदा पन्नासच्या दशकाच्या आरंभी अमलात आला होता. म्हणजे ज्या वर्गाचे आर्थिक अस्तित्व कायद्याने संपवले, त्या वर्गाची रीतभात त्यानंतर दहा-बारा वर्षांनी रंगीत पडद्यावर समस्त मुसलमानांची रीतभात म्हणून अवतरली. नवाबाच्या कर्जबाजारीपणाकडे हा चित्रपट सहानुभूतीने पाहतो, पण त्या हवेलीत पाणी भरणारा, शेरवानी शिवणारा, अत्तर गाळणारा मुसलमान कसा जगतो हे विचारत नाही. विणकर, कसाई, बागवान, पिंजारी, मणियार, तांबोळी, कोकणातला खलाशी यांपैकी कोणालाही या हवेलीत नोकरापलीकडची जागा नाही. मुसलमान समाजातील जातीय आणि व्यावसायिक थर असे एका झटक्यात नाहीसे झाले. प्रेक्षकाला जे मिळाले ते सुंदर होते, यात शंका नाही. त्या सौंदर्याला भुलण्यात मुसलमान प्रेक्षक सर्वांत पुढे होता, हेही नोंदवले पाहिजे. फाळणीनंतरच्या कानकोंडल्या अवस्थेत आपली अदब, आपली शायरी, आपला सलाम तीन तास सर्व देश टाळ्या वाजवून पाहतो आहे, याचे मोल त्याच्या दृष्टीने फार होते.

मुकुल केशवन यांनी १९९४ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात हिंदी चित्रपटाची मुळे उर्दू, अवध आणि तवायफ या त्रयीत शोधली. पुढे इरा भास्कर आणि रिचर्ड ॲलन यांनी २००९ च्या ग्रंथात मुघल ऐतिहासिकपट, तवायफपट आणि मुस्लिम सोशल असे या चित्रपटांचे सविस्तर विवेचन केले. दोन्ही लेखन महत्त्वाचे आहे. हिंदी चित्रपट हा केवळ हिंदूंचा किंवा केवळ हिंदीचा नाही, हे त्यांनी निर्विवादपणे दाखवून दिले. पण केशवन यांच्या निबंधाच्या शीर्षकातच अवध आहे, दख्खन नाही. मुंबई ज्या भूभागाला जोडलेली आहे तेथील मुसलमानांची चारपाचशे वर्षांची भाषिक परंपरा, म्हणजे विजापूर-गोवळकोंड्याची दख्खनी, 'योगसंग्राम' लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद, गीतेवर 'अंबरहुसेनी' ही मराठी टीका लिहिणारे हुसेन अंबरखान, यांचा मुंबईत तयार होणाऱ्या चित्रपटांवर ठसा का उमटला नाही, हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही. चित्रपटाने केलेली निवड समीक्षेनेही तशीच पुढे चालवली, असे म्हणणे भाग आहे.

दख्खनी पडद्यावर अजिबात आली नाही असे नाही. ती आली तेव्हा विनोदी म्हणून आली. 'गुमनाम' (१९६५) मधला मेहमूदचा खानसामा हैदराबादी ढंगात बोलतो आणि प्रेक्षक हसतो. हसू येते ते संवादातल्या विनोदामुळे तितकेच 'नक्को', 'कायकू' या उच्चारांमुळे. मुहम्मद कुली कुतुबशहाची, वलीची जबान अशा रीतीने नोकराची आणि विदूषकाची भाषा झाली. हैदराबादच्या गरीब घरातल्या मुलीच्या विक्रीवर सागर सरहदी यांनी 'बाजार' (१९८२) काढला, तेव्हा या बोलीला वेदना सांगण्याचा अधिकार मिळाला. तोपर्यंत हसण्याची सवय पक्की झालेली होती. चित्रपट व्यवसायात हैदराबाद-मराठवाड्याच्या वितरणक्षेत्राला 'निझाम' असे नाव आहे. या क्षेत्राने गल्ला दिला, पण त्याच्या बोलीला पडद्यावर प्रतिष्ठा मिळाली नाही. पुढे २००५-०६ च्या सुमारास हैदराबादच्या कलावंतांनी 'द अंग्रेझ' हा संपूर्ण दख्खनीतला विनोदी चित्रपट काढला आणि तो जुन्या शहरात कमालीचा चालला. हसणारे आणि ज्यांच्यावर हसायचे ते, दोघेही घरचेच होते. विनोदाची जात त्यामुळे बदलते.

याच काळातले नभोवाणीचे एक उदाहरण वेगळ्या शक्यतेकडे निर्देश करते. माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांनी १९५२ नंतर आकाशवाणीवर चित्रपटगीतांना आवर घातला आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तेथे 'बिनाका गीतमाला' सादर करणारे अमीन सयानी (निधन २०२४) हे मुंबईच्या गुजरातीभाषक मुस्लिम कुटुंबातले. त्यांच्या आई कुलसुम सयानी 'रहबर' नावाचे पत्र सोप्या हिंदुस्थानीत, देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत काढत. या संस्कारातून घडलेली सयानींची भाषा लखनौची नव्हती आणि शुद्ध हिंदीही नव्हती. ती ऐकताना बोलणाऱ्याचा धर्म कोणी विचारला नाही. नभोवाणीवर चेहरा आणि टोपी दिसत नाही, हेही त्याचे एक कारण असू शकेल.

'गर्म हवा' या चित्रपटाने हवेलीचे दार उघडून आत कारखाना दाखवला. एम. एस. सथ्यू यांच्या या चित्रपटातला सलीम मिर्झा (बलराज साहनी) आग्र्याचा जोडे बनवणारा आहे. फाळणीनंतर बँका कर्ज देत नाहीत, घर निर्वासितांची मालमत्ता ठरते, एकेक नातेवाईक पाकिस्तानात जातो. इस्मत चुगताई यांच्या कथेवरून कैफी आझमी आणि शमा झैदी यांनी केलेल्या या लेखनात उर्दू आहे, पण ती घरात बोलतात तशी. जेवणावर, भाड्यावर, लग्नावर बोलणारी. सेन्सॉरने हा चित्रपट कित्येक महिने अडवून ठेवला आणि मग राष्ट्रीय एकात्मतेवरील उत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार त्यालाच मिळाला. हवेलीतल्या मुसलमानाला कधी सेन्सॉरची अडचण आली नव्हती. कर्ज मागणाऱ्या मुसलमानाला आली. सत्तेला कोणती प्रतिमा सोयीची असते हे सांगण्यास एवढा तपशील पुरेसा आहे.

सईद अख्तर मिर्झा यांच्या 'सलीम लंगडे पे मत रो' (१९८९) मध्ये भाषेचा प्रश्न थेट कथेतच आहे. मुंबईच्या दोन टाकी भागातला सलीम किरकोळ गुंड आहे. त्याची भाषा बंबईया; तीत मराठी, गुजराती, दख्खनी सर्व मिसळलेले आहे. त्याच्या बहिणीसाठी आलेला अस्लम हा उर्दू वर्तमानपत्रात मुद्रितशोधक आहे. शिकलेला, स्वच्छ उर्दू जाणणारा, आणि परिस्थितीने तितकाच फाटका. एका बाजूला भाषा आहे पण तिला बाजारात किंमत नाही. दुसऱ्या बाजूला बाजार आहे पण सन्मानाने बोलता येईल अशी भाषा नाही. मुसलमान तरुणाच्या कोंडीचे इतके नेमके चित्र दुसऱ्या चित्रपटात क्वचितच सापडेल. या चित्रपटालाही हिंदीतील उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'मेरे महबूब'च्या तुलनेत तो किती लोकांनी पाहिला, हे सांगण्याची गरज नाही.

१९९२-९३ नंतर प्रतिमेने वळण घेतले, हे सर्वज्ञात आहे. 'रोजा' (१९९२), 'बॉम्बे' (१९९५), 'फिजा' (२०००) यांची चर्चा पुष्कळ झालेली आहे. भाषेच्या दृष्टीने यांत सर्वांत अर्थपूर्ण चित्रपट 'सरफरोश' (१९९९) होय. त्यातला गुलफाम हसन (नसीरुद्दीन शाह) हा पाकिस्तानातून येणारा गझलगायक आहे. पोलीस अधिकारी असलेला नायक त्याचा चाहता आहे. मैफल आहे, अदब आहे, मुस्लिम सोशलमधली सर्व सामग्री आहे. आणि हाच गायक शस्त्रांच्या तस्करीचा सूत्रधार निघतो. चाळीस वर्षे ज्या जबानीने मुसलमानाला पडद्यावर प्रतिष्ठा दिली तीच आता संशयाची खूण ठरली. दिग्दर्शकाच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. फाळणीने उखडलेल्या माणसाची कडवट बाजू तो गुलफामच्या तोंडून मांडू देतो आणि विश्वास न ठेवला गेलेल्या इन्स्पेक्टर सलीमचा सल तर हा चित्रपट मनापासून दाखवतो. पण रचनेचा परिणाम हेतूपेक्षा मोठा असतो. एका समाजाची ओळख एकाच भाषिक खुणेवर टांगून ठेवली, की ती खूण उलटायला एक पटकथा पुरते.

याचा पडताळा 'इक्बाल' (२००५) या चित्रपटात उलट्या बाजूने येतो. नागेश कुकुनूर यांचा हा चित्रपट बहुतेकांना आवडला आणि तो योग्यच आवडला. खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुसलमान मुलगा, क्रिकेटचे वेड, बापाचा विरोध, बहिणीची साथ. त्याचा धर्म कथेत समस्या म्हणून येत नाही, त्यामुळे पुष्कळ समीक्षकांनी त्याचे स्वागत केले. श्रेयस तळपदे यांनी साकारलेला हा इक्बाल मूकबधिर आहे. तो हातांनी बोलतो आणि बहीण त्याचे बोलणे इतरांना सांगते. कथेच्या दृष्टीने ही योजना समर्थनीय आहे. तरीही हिंदी चित्रपटाला जेव्हा साधा, नवाब नसलेला, गुन्हेगार नसलेला ग्रामीण मुसलमान नायक सापडला, तेव्हा तो बोलत नव्हता, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. बोलला असता तर कोणत्या भाषेत बोलला असता, हा प्रश्न त्यामुळे टळला.

ऐतिहासिक चित्रपटांचे वळण याहून वेगळे नाही. 'पुकार' (१९३९) मधला जहांगीर न्यायासाठी स्वतःचा प्राण पणाला लावतो. 'मुघल-ए-आझम' मधला अकबर पितृत्व आणि राजधर्म यांच्यात चिरडला जातो. या दोन्ही दरबारांत चालणारी भारदस्त उर्दू इतिहासाला धरून नाही, कारण मुघल दरबाराची भाषा फारसी होती. तरीही प्रेक्षकाच्या मनात सत्ता, न्याय आणि उर्दू यांची सांगड या चित्रपटांनी घातली. 'पद्मावत' (२०१८) मधल्या खिलजीपर्यंत येताना ही सांगड क्रौर्य आणि वासनेशी घातली गेली. शिवाजी सावंत यांच्या कादंबरीवर आधारलेला 'छावा' फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. पुढच्याच महिन्यात औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून नागपुरात दंगल उसळली आणि या चित्रपटामुळे औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग उफाळून आला, असे मुख्यमंत्र्यांनीच विधिमंडळात सांगितले. संभाजी महाराजांचा अमानुष छळ आणि वध हा इतिहास आहे आणि तो सांगण्याचा अधिकार कोणीही नाकारू नये. प्रश्न इतकाच की पडद्यावर औरंगजेबाखेरीज दुसरा मुसलमानच मराठी प्रेक्षकाच्या परिचयाचा नसेल, तर त्या रागाचा पत्ता शेजारच्या घराचा ठरतो. ज्या आदिलशाहीचे महसुली दप्तर मराठीत चालत होते तिच्यावर कोणी चित्रपट काढलेला नाही.

मालेगावने यावर स्वतःपुरता एक मार्ग काढला. यंत्रमागांच्या या गावात नासिर शेख यांनी व्हिडिओ कॅमेऱ्यावर २००० च्या सुमारास 'मालेगाव के शोले' काढला. नट गावातले, खर्च नाममात्र आणि भाषा मालेगावची. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या माहितीपटाने ही गोष्ट जगाला कळवली आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा चित्रपट प्रदर्शित झाला. वृत्तपत्रे आणि वाहिन्यांतून मालेगाव हे नाव २००६ आणि २००८ च्या बॉम्बस्फोटांशी जोडले गेले. २००६ च्या स्फोटांत अटक झालेल्या मुस्लिम तरुणांना विशेष न्यायालयाने २०१६ मध्ये आरोपांतून मुक्त केले. तोवर दहा वर्षे गेली होती. त्याच दशकात हे गाव स्वतःच्या बोलीत स्वतःवर हसत होते. कमतरता एवढीच की हे चित्रपट विडंबनाचे होते. स्वतःचा चेहरा दाखवण्यासाठी त्यांना आधी 'शोले'चा मुखवटा घ्यावा लागला.

मराठी चित्रपटाकडे पाहिले तर प्रथम निराशा होते, कारण तेथे मुसलमान पात्रेच थोडी. पण जी आहेत त्यांची भाषा लक्षात घेण्यासारखी आहे. प्रभातचा 'शेजारी' १९४१ चा, म्हणजे लाहोर ठरावाच्या दुसऱ्या वर्षीचा. व्ही. शांताराम यांनी तो मराठीत आणि 'पडोसी' या नावाने हिंदीत काढला. बुद्धिबळाचा डाव मांडून बसणारे दोन वृद्ध मित्र, एक हिंदू, एक मुसलमान; धरणाच्या निमित्ताने बाहेरून आलेला भांडवलदार त्यांच्यात फूट पाडतो. हिंदीत ठाकूरची भूमिका मजहर खान या मुसलमान नटाने आणि मिर्झाची भूमिका गजानन जागीरदार या हिंदू नटाने केली, याचे कौतुक नेहमी होते. त्याहून महत्त्वाचे असे की मराठी आवृत्तीतला मिर्झा हा मराठी गावाचा रहिवासी आहे. त्याला लखनौहून आणावे लागलेले नाही. वीस वर्षांनी 'प्रपंच' (१९६१) मध्ये बार्शीचे शाहीर अमर शेख, ज्यांच्या पहाडी आवाजाने संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजवल्या, गरीब कुंभाराच्या भूमिकेत दिसतात. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल असलेला हा माणूस मातीच्या मराठीत बोलतो आणि कोणाला ते नवल वाटत नाही.

हा धागा मध्ये कित्येक दशके तुटल्यासारखा होता. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' (२०१६) मध्ये तो पुन्हा हाती लागतो. नायक परशाच्या दोन जिवलग मित्रांपैकी एक सलीम, म्हणजे सल्या. करमाळा तालुक्याच्या परिसरातला हा मुलगा त्याच परिसरातल्या अरबाज शेख या तरुणाने साकारला आहे. सल्या मित्रांबरोबर त्यांच्याचसारखी सोलापुरी वळणाची मराठी बोलतो, चिडवतो, पळतो, मार खातो. त्याच्या तोंडी शेर नाही, अंगावर शेरवानी नाही, देशभक्तीचा पुरावा देण्याचा प्रसंगही त्याच्यावर येत नाही. मुसलमान असणे आणि मराठी असणे यांत सांधा जुळवण्याची गरज पटकथेला वाटलेली नाही, कारण त्या गावात तो सांधा मुळातच उघडलेला नाही. 'सैराट'ची चर्चा जातीच्या अंगाने झाली आणि तशी होणे योग्यच होते. सल्याकडे त्यामुळे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

दोन वर्षांनी याच चित्रपटाचे हिंदी रूपांतर 'धडक' (२०१८) या नावाने आले. कथा करमाळ्याहून उदयपूरला नेण्यात आली. नायकाचे दोन मित्र तेथेही आहेत. त्यांची नावे गोकुळ आणि पुरुषोत्तम अशी आहेत.